हजेरीपटावर न दिसणारा सहभाग

पदवीचा विद्यार्थी अभ्यासात किती गुंतला आहे, हे ठरवताना दोन बाजू पाहाव्या लागतात. एक बाजू विद्यार्थ्याची. तो आपला वेळ आणि कष्ट कशावर घालतो, नेमलेले वाचून येतो का, वर्गात प्रश्न विचारतो का, एकदा लिहिलेला निबंध शिक्षकांच्या शेऱ्यानंतर पुन्हा लिहितो का, वेगळ्या घरातून आणि वेगळ्या विचारांतून आलेल्या मुलामुलींशी बोलतो का. दुसरी बाजू विद्यापीठाची. हे सारे विद्यार्थ्याने करावे म्हणून अभ्यासक्रम, वेळापत्रक, ग्रंथालय आणि शिक्षकांचा वेळ यांची मांडणी कशी केली आहे. उच्च शिक्षणाच्या अभ्यासकांनी ‘विद्यार्थी सहभाग’ ही कल्पना या दोन्ही बाजू धरून मांडली आहे. दुसरी बाजू विसरली की सहभाग हा केवळ मुलांच्या स्वभावाचा किंवा आळसाचा प्रश्न ठरतो, आणि मग विद्यापीठाला स्वतःत काही बदलण्याची गरजच वाटत नाही.

ही कल्पना प्रामुख्याने अमेरिकेत आकाराला आली. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील सी. रॉबर्ट पेस यांनी १९७९ मध्ये विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयीन अनुभवांची एक प्रश्नावली तयार केली. महाविद्यालयाचा दर्जा इमारती, ग्रंथसंख्या, प्राध्यापकांच्या पदव्या आणि प्रवेशाचे गुण यांवरून ठरवण्याची रीत होती. पेस यांचा भर वेगळ्या गोष्टीवर होता: या सोयींचा वापर करताना विद्यार्थी किती आणि कशा प्रतीचे कष्ट घेतो? त्याच विद्यापीठातील अलेक्झांडर अॅस्टिन यांनी १९८४ मध्ये सहभागाचा सिद्धांत मांडला. विद्यार्थी शिक्षणाच्या अनुभवात शारीरिक आणि मानसिक ऊर्जा जितकी घालतो, तितके त्याचे शिकणे आणि विकसित होणे वाढते, असा त्याचा गाभा आहे. शिक्षण अर्ध्यावर सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास अॅस्टिन यांनी आधी केला होता; सिद्धांताची मुळे त्यातच आहेत. शिक्षण सुटण्यामागे विद्यार्थ्याचे वर्गाशी आणि सहाध्यायांशी असलेले नाते किती मोलाचे असते, हे व्हिन्सेंट टिंटो १९७५ पासून मांडत होते. १९८७ मध्ये आर्थर चिकरिंग आणि झेल्डा गॅमसन यांनी पदवी शिक्षणातील चांगल्या अध्यापनाची सात तत्त्वे संकलित केली. शिक्षक-विद्यार्थी संपर्क, विद्यार्थ्यांचे परस्पर सहकार्य, कृतीतून शिकणे, वेळेवर मिळणारा अभिप्राय, अभ्यासाला दिलेला वेळ, मोठ्या अपेक्षा, आणि शिकण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा आदर, अशी ही तत्त्वे आहेत. यांतले एकही तत्त्व महागड्या सामग्रीवर अवलंबून नाही.

मोजमापाला मोठे रूप आले ते मानांकनांच्या विरोधातून. ‘यू.एस. न्यूज’ या साप्ताहिकाने १९८३ पासून महाविद्यालयांच्या क्रमवारी छापायला सुरुवात केली. प्रतिष्ठा, पैसा आणि प्रवेशातील चुरस यांना त्या क्रमवारीत फार वजन होते. प्रवेश मिळाल्यानंतर वर्गात काय घडते याचा तीत जवळजवळ पत्ता नव्हता. १९९८ मध्ये प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स या संस्थेने तज्ज्ञांना एकत्र आणले, पीटर एवेल यांच्या नेतृत्वाखाली प्रश्नावली आकाराला आली, आणि इंडियाना विद्यापीठातील जॉर्ज कू यांच्याकडे तिची धुरा गेली. २००० सालच्या वसंत सत्रात ‘नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट’ देशभर घेतले गेले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ‘नेसी’ असा करतात. तेव्हापासून अमेरिका आणि कॅनडातील सोळाशेहून अधिक संस्थांनी ते किमान एकदा तरी घेतले आहे. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, चीन, आयर्लंड आणि ब्रिटन येथे त्याच धर्तीची सर्वेक्षणे निघाली.

नेसी फक्त दोन टप्प्यांवरच्या विद्यार्थ्यांना विचारते: पहिल्या वर्षाच्या आणि शेवटच्या वर्षाच्या. प्रश्नावली भरायला साधारण पाव तास लागतो. प्रश्नांचा रोख समाधानावर नसतो, वर्तनावर असतो. ‘शिक्षक आवडले का’ असे ती विचारत नाही. चालू वर्षात वर्गाबाहेर प्राध्यापकांशी विषयाबद्दल किती वेळा बोललात, परीक्षेची तयारी इतरांबरोबर बसून किती वेळा केलीत, आकडेवारीवरून स्वतःचा निष्कर्ष किती वेळा काढलात, आठवड्यात अभ्यासाला किती तास, नोकरीला किती, घरातल्यांची काळजी घेण्यात किती, असे ते प्रश्न असतात. बऱ्याच उत्तरांना ‘कधीच नाही’, ‘कधी कधी’, ‘बरेचदा’ आणि ‘खूपदा’ असे चार पर्याय असतात आणि त्यांना अनुक्रमे ०, २०, ४० आणि ६० गुण दिले जातात. २०१३ मध्ये प्रश्नावलीची फेररचना झाली. आता दहा निर्देशक आहेत आणि ते चार गटांत बसवलेले आहेत: अभ्यासातील आव्हान, सहाध्यायांसोबत शिकणे, शिक्षकांशी संबंध, आणि परिसरातील वातावरण. त्यांच्या जोडीला सहा विशेष अनुभवांची वेगळी नोंद होते: एकत्र शिकणाऱ्या छोट्या तुकड्या, समाजसेवेशी जोडलेला अभ्यासक्रम, शिक्षकांबरोबर संशोधन, इंटर्नशिप, परदेशातील सत्र आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. प्रत्येकाने पदवीपर्यंत यांतले किमान दोन अनुभव घ्यावेत, त्यांपैकी एक पहिल्याच वर्षी, अशी कू यांची शिफारस आहे.

सर्वेक्षणातून जे निघाले त्यात सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष क्रमवारीच्या मुळावर घाव घालणारा आहे. विद्यार्थ्यांच्या सहभागात जो फरक दिसतो त्याचा नव्वद टक्क्यांहून मोठा भाग एकाच संस्थेच्या आत असतो. दोन संस्थांमधला फरक दहा टक्क्यांच्याही आत राहतो. नामांकित विद्यापीठात वर्षभर कोणाशी न बोलता पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी असतात, आणि कोणाला नावही ठाऊक नसलेल्या महाविद्यालयाच्या एखाद्या विभागात रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवायला लावणारी तुकडी असते. संपूर्ण विद्यापीठाची सरासरी म्हणूनच फारशी उपयोगी नाही. विभागनिहाय, वर्षनिहाय, आणि कोणते विद्यार्थी मागे राहतात हे पाहून केलेली मोजणी उपयोगी आहे.

दुसरा निष्कर्ष २००८ मध्ये कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. पहिल्या वर्षातील सहभागाचा गुणांना आणि शिक्षणात टिकून राहण्याला फायदा सर्वांनाच होतो, पण कमी तयारीने आलेल्या आणि वंचित समूहांतील विद्यार्थ्यांना तो अधिक होतो. म्हणजे हुशार मुलांसाठी राखून ठेवलेले संशोधन प्रकल्प आणि चर्चासत्रे ज्यांच्या सर्वाधिक उपयोगाची, त्यांनाच ती बहुधा मिळत नाहीत. सहभाग वाढवण्याचा प्रश्न इथे शैक्षणिक न्यायाचा होतो, आणि या विषयाकडे गांभीर्याने पाहण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

अभ्यासाच्या तासांची आकडेवारीही बोलकी आहे. फिलिप बॅबकॉक आणि मिंडी मार्क्स या अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या-नव्या सर्वेक्षणांची तुलना केली. अमेरिकेतील पूर्णवेळ विद्यार्थी १९६१ मध्ये वर्ग आणि अभ्यास मिळून आठवड्याला सुमारे ४० तास देत. २००३ पर्यंत ते २७ तासांवर आले. नोकरी करणारे विद्यार्थी वाढले एवढ्याने ही घट उलगडत नाही, कारण नोकरी न करणाऱ्यांमध्येही ती आढळली.

स्वतःविषयी स्वतःच दिलेल्या उत्तरांवर किती विसंबावे, हा या मोजमापातला कळीचा आक्षेप आहे. स्टीफन पोर्टर यांनी २०११ मध्ये तो सविस्तर मांडला. गेल्या वर्षभरात एखादी गोष्ट किती वेळा केली हे बहुतेकांना आठवत नाही. ‘बरेचदा’ म्हणजे कोणासाठी महिन्यातून दोनदा, तर कोणासाठी रोज. आणि ‘विश्लेषण’ किंवा ‘उच्च प्रतीचा विचार’ यांसारख्या शब्दांचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो. हार्वर्ड विद्यापीठात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने आणखी एक अडचण दाखवली. पदार्थविज्ञानाच्या वर्गात काही विद्यार्थ्यांना उत्तम व्याख्यान मिळाले, तर काहींनी गटात बसून तीच गणिते स्वतः सोडवली. गटात झगडणारे चाचणीत पुढे निघाले. पण आपण कमी शिकलो असेच त्यांना वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा भास होतो, आणि खरे शिकणे चाचपडत होते. विद्यार्थ्याला काय वाटले यावरच शिक्षकाचे मूल्यमापन करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा प्रयोग वाचायला हवा.

स्मरणावर भरवसा नको म्हणून अनेक विद्यापीठांनी संगणकाच्या नोंदींकडे धाव घेतली. ऑनलाइन अभ्यासप्रणालीत कोण किती वेळा शिरले, कोणती टिपणे उघडली, गृहपाठ कधी जमा केला, याची नोंद आपोआप होते. पर्ड्यू विद्यापीठाने २००७ च्या सुमारास ‘कोर्स सिग्नल्स’ सुरू केले. या नोंदी आणि गुण यांवरून प्रत्येक विद्यार्थ्याला लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा दाखवला जाई. अशा दोन किंवा अधिक अभ्यासक्रमांतून गेलेले विद्यार्थी शिक्षणात लक्षणीय प्रमाणात अधिक टिकतात, असा दावा झाला आणि जगभर गाजला. २०१३ मध्ये मायकेल कॉलफिल्ड यांनी त्यातली खोट दाखवली. जो विद्यार्थी टिकतो तो साहजिकच जास्त अभ्यासक्रम घेतो. पहिल्याच सत्रात गळालेल्याला दुसरा सिग्नल मिळणार कुठून? पाठोपाठ अल्फ्रेड एसा यांनी संगणकावर एक नमुना मांडला. त्यात दिव्यांच्या जागी प्रत्येक अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना चॉकलेट वाटले गेले, आणि चॉकलेट अधिक मिळालेले विद्यार्थीही तितक्याच ठळकपणे अधिक टिकलेले दिसले. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल मोठ्या आकडेवारीत सहज खपून जाते.

मोजमापातून सुधारणा आपोआप होत नाही, याचा मोठा पुरावा वॉबॅश महाविद्यालयाच्या राष्ट्रीय अभ्यासातून मिळाला. २००६ पासून अनेक संस्थांमधील विद्यार्थ्यांचा प्रवेशापासून पदवीपर्यंत पाठपुरावा झाला. अध्यापनातील स्पष्टता आणि सुसूत्रता यांचा शिकण्याशी घट्ट संबंध असल्याचे त्यातून दिसले. पण अभ्यास चालवणाऱ्या चार्ल्स ब्लेच आणि कॅथलीन वाइझ यांनी २०११ मध्ये एक अस्वस्थ करणारी गोष्ट लिहिली: सहभागी संस्थांपैकी बहुतेकांनी हाती आलेल्या माहितीच्या आधारे काही बदलच केला नव्हता. माहिती गोळा करण्यात शक्ती संपली, आणि अनेक ठिकाणी अहवाल प्राध्यापकांपर्यंत, विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यानंतर या दोघांचा सल्ला असा राहिला की आकडे गोळा करण्याआधीच ते कोण वाचणार, त्यावर बोलायला कधी बसणार आणि विद्यार्थ्यांना त्या चर्चेत कसे घेणार, हे ठरवावे.

सुधारणा घडवून दाखवलेल्या विद्यापीठांत अटलांटा येथील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे उदाहरण ठळक आहे. तेथील बहुसंख्य विद्यार्थी कमी उत्पन्नाच्या घरांतून, अनेक जण कुटुंबात पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेले. २००३ मध्ये सहा वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ३२ टक्के होते. दहा-बारा वर्षांत ते ५० टक्क्यांच्या पुढे गेले. आणि कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण एकूण प्रमाणाच्या बरोबरीला आले. टिमथी रेनिक यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाने आपल्याच जुन्या नोंदी तपासल्या. राज्यशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात ‘अ’ किंवा ‘ब’ श्रेणी मिळवणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वेळेत पदवीधर होत. ‘क’ मिळवणाऱ्यांपैकी एक चतुर्थांशच. ‘क’ म्हणजे उत्तीर्ण, म्हणून तोवर त्यांना कोणी बोलावून विचारतही नव्हते. २०१२ पासून अशा आठशेच्या वर धोक्याच्या खुणांवर रोज लक्ष ठेवले जाऊ लागले. महत्त्वाचे असे की विद्यापीठाने नुसती संगणकप्रणाली विकत घेतली नाही, तर चाळीसहून अधिक नवे विद्यार्थी-सल्लागार नेमले, आणि खूण दिसली की त्यांनी विद्यार्थ्याला गाठायचे असे ठरवले. दर सत्राला सुमारे हजार विद्यार्थ्यांची नावे फी थकल्यामुळे काढून टाकली जात. त्यांतले अनेक पदवीच्या उंबरठ्यावर होते आणि थकबाकी काहीशे डॉलरची होती. २०११ पासून त्यांना, न मागता, छोटी अनुदाने दिली गेली. ज्याला अभ्यासात रस नाही असे समजले जात होते, त्याच्याजवळ अनेकदा फक्त पैसे नव्हते.

वर्गाच्या आत काय बदलावे, याचा पुरावा आता विपुल आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. केवळ व्याख्यान देणाऱ्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना तासाभरात काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासून व्याख्यान मध्येच थांबवून एक प्रश्न टाकू लागले. विद्यार्थी आधी एकट्याने उत्तर देतात, मग शेजाऱ्याला पटवून देतात, मग पुन्हा उत्तर देतात. याहूनही साधा उपाय म्हणजे तासाच्या शेवटी कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी लिहून घेणे: आज कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, आणि न कळलेली कोणती. थॉमस अँजेलो आणि पॅट्रिशिया क्रॉस यांच्या पुस्तकाने ही रीत सर्वदूर नेली. ती एकाच वेळी मोजमापही आहे आणि सुधारणाही, कारण पुढच्या तासाची सुरुवात त्या न कळलेल्या गोष्टीपासून करता येते.

महाराष्ट्रात हे सारे लागू करताना आधी इथली रचना ध्यानात घ्यावी लागते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले, आणि तो नमुना परीक्षा घेण्याचा होता; शिकवणे संलग्न महाविद्यालयांकडे. जो शिकवतो तो प्रश्नपत्रिका काढत नाही, आणि जो काढतो तो विद्यार्थ्याला ओळखत नाही, ही घडी बराच काळ टिकली. विद्यार्थ्याचे कष्ट त्यामुळे सत्राच्या शेवटच्या तीन आठवड्यांत, अपेक्षित प्रश्नसंचाभोवती एकवटतात. अधल्यामधल्या काळावर नियंत्रण म्हणून ७५ टक्के हजेरीची अट, डिफॉल्टर लिस्ट, आणि सबमिशनवरची सही. प्रॉक्सी लावून हजेरी भरता येते, जर्नल एकमेकांचे पाहून उतरवता येते; दोन्हींत विद्यार्थी कागदावर हजर असतो आणि शिकण्यात गैरहजर. तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक एका महाविद्यालयातला तास संपवून दुसऱ्याकडे निघतो, तेव्हा वर्गाबाहेर भेटायला कोणी उरत नाही. शिक्षक-विद्यार्थी संबंधांचा निर्देशक इथे सर्वांत खाली आला, तर त्याचे उत्तर रिक्त पदांच्या यादीत शोधावे लागेल.

उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने २०१७ च्या मूल्यांकन चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले. त्यात एकवीस प्रश्न होते: अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला, शिक्षक किती तयारीने येतात, आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत करायच्या सूचना. विद्यार्थ्याचे मत थेट विचारले गेले ही मोठी गोष्ट होती. तरी बहुतेक प्रश्न शिक्षक काय करतात याबद्दल होते. विद्यार्थी स्वतः काय करतो याबद्दल अगदी थोडे. शिवाय मूल्यांकनाच्या काळात भरलेल्या उत्तरांवर संस्थेच्या श्रेणीचे दडपण असे. सुधारणेसाठीची मोजणी श्रेणीपासून वेगळी ठेवलेली बरी.

महाराष्ट्राची जमेची बाजूही मोठी आहे, आणि ती आयात केलेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ रुजवले. पुढे विद्यापीठांनीही ही योजना घेतली. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करणारा विद्यार्थी परिसरात थांबतो, कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना ओळखू लागतो, आणि बाहेरच्या नोकरीपायी शिक्षणापासून तुटत नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर अशी तिची रचना. समाजसेवेशी जोडलेला अनुभव म्हणून नेसी ज्याची नोंद घेते, त्याच्या फार जवळची ही गोष्ट आहे. फक्त ती विषयाच्या अभ्यासाशी क्वचितच जोडली गेली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक मिळतात. त्यामुळे गावच्या विहिरींची पाहणी भूगोलाच्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली होऊ शकते आणि तिचा अहवाल व्हायवात तपासला जाऊ शकतो. प्रमाणपत्र आणून जोडले की श्रेयांक, असे झाले तर मात्र त्याचीही जर्नलसारखीच गत होईल.

एखाद्या विभागाला सुरुवात करायची असेल तर दहा-बारा प्रश्न पुरेसे आहेत. ते मराठीत असावेत, नाव न विचारता भरून घ्यावेत आणि मोजता येणाऱ्या काळाविषयी असावेत: ‘गेल्या सात दिवसांत अभ्यासाला किती तास दिले’, ‘गेल्या महिन्यात वर्गाबाहेर शिक्षकांशी विषयाबद्दल किती वेळा बोललात’, ‘येण्याजाण्यात रोज किती वेळ जातो’. एसटीच्या वेळेमुळे शेवटचा तास सोडून जाणाऱ्या मुली किती, हे अशा प्रश्नातून कळते, आणि त्यावरचा उपाय वेळापत्रक बदलण्याचा असतो. पहिली मोजणी पहिल्या सत्राच्या सहाव्या आठवड्यात व्हावी, कारण तेव्हा गळू पाहणारा विद्यार्थी अजून परिसरात असतो. निकाल पंधरवड्याच्या आत त्याच वर्गासमोर ठेवावेत, त्यांतली एक गोष्ट त्याच सत्रात बदलावी, आणि पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. तुलना शेजारच्या महाविद्यालयाशी नको. आपल्याच मागच्या वर्षाच्या तुकडीशी करावी.